कंस करा, खोडू नका

शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर कुणी पुश करायचं नाही, असा आमच्या टीममध्ये एक अलिखित नियम आहे. नवीन आलेली पोट्टी विचारतात, "काहून बे?" मग कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवतं आणि सगळे हसतात. मीही हसतो. पण त्या गोष्टीत हसण्यासारखं फारसं काही नव्हतं, आणि ती मी आजवर नीट लिहूनही काढलेली नाही. आज रविवार आहे, बाहेर ४४ डिग्री आहे, कूलरमध्ये पाणी भरून झालंय. तेव्हा लिहूनच टाकतो.

ही पोस्ट तशी गिटच्या रोजच्या कमांड्सवर आहे. म्हणजे निदान बसलो तरी त्याच उद्देशाने. पुढे ती तलाठ्याच्या दप्तरात कशी शिरली ते वाचालच :-)

आमचं ऑफिस मिहानमध्ये. ज्यांना नागपूर माहीत नाही त्यांच्यासाठी : वर्धा रोडने विमानतळ मागे टाकलं की जो मोठाच्या मोठा मोकळा पसारा लागतो, तो मिहान. खापरी, दहेगाव, तेल्हारा, कलकुही, शिवणगाव अशा गावांच्या जमिनी घेऊन तो उभा राहिला. खापरीपर्यंत मेट्रो येते, पुढे ज्याची त्याची सोय. खिडकीतून अजूनही अधूनमधून गवत आणि बाभळीच दिसतात. २०१९ च्या नोव्हेंबरात तर इथे वाघ येऊन गेला होता. तेव्हा वनखात्याची माणसं ठसे बघून तो कुठून आला नि कुठे गेला ते शोधत होती. हे वाघाचं उगाच नाही सांगितलं, पुढे लागेल.

तर झालं असं. तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मी आणि वर्ध्याची एक ज्युनिअर मुलगी, आम्ही दोघं एकाच ब्रँचवर काम करत होतो. ती नुकतीच जॉइन झालेली, प्रोबेशनवर. तिच्याकडे बिलाच्या हिशोबातला एक किचकट भाग होता. दोन दिवस खपून तिने तो केला, तीन कमिट केले आणि शुक्रवारी दुपारी पुश करून मोकळी झाली. त्याच संध्याकाळी तिचा लॅपटॉप बदलून मिळणार होता. जुना आयटीवाल्यांनी घेतला आणि त्यांच्या पद्धतीप्रमाणे लगेच फॉरमॅट मारला. तिला काळजी नव्हती. काम सर्व्हरवर होतं ना.

इकडे मी. त्या काळात मला स्वच्छ इतिहासाचं भलतंच वेड होतं. 'गिट लॉग' कसा सरळ रेषेत दिसला पाहिजे, मर्जच्या गाठी नकोत, 'टायपो' नावाचे पाच कमिट नकोत. म्हणून संध्याकाळी साडेसहाला, घरी निघण्याआधी, मी माझ्या मशीनवर ती ब्रँच रिबेस केली. छान ओळीत लावली. पुश मारलं. सर्व्हरने नाही म्हटलं.

आता रिबेस केल्यावर सर्व्हर नाही म्हणतोच, कारण तुम्ही कमिट नव्याने लिहिलेले असतात, त्याच्याकडचा इतिहास आणि तुमचा इतिहास जुळत नाही. मला ते ठाऊक होतं, म्हणजे नकार मला अपेक्षितच होता. आणि अपेक्षित होता म्हणूनच मी तो वाचला नाही. वाचला असता तर दिसलं असतं की या वेळी त्याचं म्हणणं वेगळं होतं. तो स्पष्ट सांगत होता की सर्व्हरवर असं काम आहे जे तुमच्याकडे नाही, आधी फेच करा. मी टाइप केलं,

गिट पुश --फोर्स

आणि बॅग उचलून खापरी स्टेशनला गेलो.

सोमवारी सकाळच्या मीटिंगमध्ये मॅनेजरने तिला विचारलं, बिलाचं काय झालं? ती म्हणाली, झालं सर, शुक्रवारी पुश केलं. मॅनेजरने मोठ्या स्क्रीनवर लॉग उघडला. काही नाही. तिच्या नावाचा एकही कमिट नाही. ती गडबडली. "सर, मी खरंच केलं होतं." खोलीत ती एक विशिष्ट शांतता पसरली, जी प्रोबेशनवरच्या माणसाला फार मोठ्याने ऐकू येते. आणि मग एक वाक्य मी बोललो. मदत करायच्या सुरात बोललो, हे जास्त वाईट. "अगं, लॉगमध्ये तर काही दिसत नाहीये. कदाचित लोकलवरच राहिलं असेल."

ती पुढे काही बोलली नाही. काय बोलणार? लॉगमध्ये नव्हतंच. आणि लोकल तर फॉरमॅट झालेलं.

जेवणानंतर माझ्या डोक्यात काहीतरी टोचायला लागलं. टर्मिनल शुक्रवारपासून उघडंच होतं. वर स्क्रोल केलं. फोर्स पुशनंतर गिट एक ओळ छापतो, तिच्या सुरुवातीला अधिकचं चिन्ह असतं, मग जुन्या टोकाचा नंबर, तीन टिंबं, नवीन टोकाचा नंबर. तो जुना नंबर माझ्या मशीनवर कुठेच नव्हता. म्हणजे तो तिचा होता. मी खुर्चीत बसल्या जागी गार पडलो.

काम परत मिळालं, ते सांगून टाकतो. बिल्ड करणारं जे मशीन असतं, त्याने शुक्रवारी दुपारी तिचा पुश होताच कोड ओढून बिल्ड केलं होतं. बिल्डच्या मेलमध्ये ४० अक्षरी पूर्ण नंबर होता, आणि त्या मशीनच्या क्लोनमध्ये ते कमिट अजून जिवंत होते. तिथे 'गिट ब्रँच' लिहून पुढे नवं नाव आणि तो नंबर दिला, की झालं. दहा मिनिटांचं काम. संध्याकाळी मॅनेजरला आणि मग अख्ख्या टीमला सांगितलं की कमिट तिने केले होते, उडवले मी. तिला वेगळं सांगायला गेलो तर म्हणाली, "ठीक आहे दादा, मिळालं ना." पण सकाळचं ते माझं वाक्य काही कुठल्या मशीनवरून परत आणता येत नव्हतं.

आता कमांड्सकडे येतो.

नेटवर गिटच्या कमांड्सच्या याद्या ढिगाने मिळतात. पन्नास कमांड्स, शंभर कमांड्स, रंगीत चार्ट. फ्रेशर पोरं ते प्रिंट काढून क्यूबिकलला चिकटवतात. माझ्यामते या याद्यांचा दोष असा की त्या कमांड्स कामानुसार लावतात आणि धोक्यानुसार लावत नाहीत. 'स्टेटस' आणि 'पुश --फोर्स' एकाच टाइपात, एकाच आकाराच्या चौकटीत. म्हणजे औषधाच्या दुकानात जिऱ्याच्या गोळ्या आणि उंदराचं विष एका रॅकवर ठेवल्यासारखं.

मी नव्या माणसाला शिकवतो तेव्हा आधी एकच रेघ मारतो. पुशच्या अलीकडे आणि पुशच्या पलीकडे. अलीकडचं सगळं तुमच्या एकट्याचं, कच्च्या वहीसारखं. तिथे खाडाखोड करा, पानं फाडा, पुन्हा लिहा, कुणाच्या बापाचं काय जात नाही. पलीकडचं मात्र चार जणांचं. तिथे लिहिलेलं वाचून कुणीतरी आपलं काम त्यावर उभं केलेलं असतं. हा फरक तसा नवीन आहे. जुनं एसव्हीएन वापरलेल्यांना आठवत असेल, तिथे कमिट म्हणजे थेट सर्व्हरवरच, कच्ची वही नव्हतीच. आणि त्याही आधीचं व्हिज्युअल सोर्ससेफ! त्यात फाइल एकाने चेक-आउट केली की बाकीच्यांना कुलूप. फाइल अडवून माणूस चार दिवस लग्नाला निघून जायचा आणि आम्ही त्याच्या नावाने बोटं मोडत बसायचो. २००५ साली लिनक्सच्या टीमला बिटकीपर फुकट वापरणं बंद झालं, तेव्हा लिनस टोरवाल्ड्सने एप्रिलमध्ये गिट लिहायला घेतलं आणि प्रत्येकाच्या हातात अख्ख्या इतिहासाची स्वतःची प्रत आली. कच्ची वही तेव्हापासूनची. एरवी हे वरदानच, पण प्रत्येकाला अख्खी प्रत मिळाली म्हणजे प्रत्येकाला अख्खा इतिहास नव्याने लिहायची सोयही मिळाली.

अलीकडच्या बाजूला रोज लागणाऱ्या कमांड्स मोजून सात-आठ. 'गिट स्टेटस' सारखी मारत जा, ती काहीही बिघडवत नाही. 'गिट डिफ' म्हणजे काय बदललं, आणि 'गिट डिफ --स्टेज्ड' म्हणजे कमिटमध्ये नेमकं काय जाणार आहे. ही दुसरी फारच कमी लोक वापरतात, आणि मग डीबगच्या ओळी कमिटमध्ये जातात. 'गिट ऍड' करताना शेवटी टिंब देऊन सगळं कोंबण्यापेक्षा 'गिट ऍड -पी' करा, तो तुकड्या-तुकड्याने विचारतो, हे घेऊ का, हे घेऊ का. वेळ लागतो, पण आपलंच काम पुन्हा एकदा वाचून होतं. 'गिट स्टॅश' कामाच्या मध्येच दुसरं काम अंगावर आलं की. (माझ्या स्टॅशमध्ये एकदा सतरा गोष्टी निघाल्या होत्या, घरातल्या माळ्यासारख्या. स्टॅश म्हणजे माळा नव्हे, हे माझं मलाच.) ब्रँच बदलायला 'चेकआउट'ऐवजी 'स्विच' आणि फाइल पूर्ववत करायला 'रिस्टोर' वापरा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या २.२३ पासून या दोन्ही आहेत, कारण बिचारा 'चेकआउट' एकटाच फार कामं करत होता. ब्रँचच्या नावाऐवजी चुकून फाइलचं नाव दिलं की दिवसभराचे बदल गुपचूप गायब.

'गिट पुल'बद्दल माझं मत जरा वेगळं आहे. पुल म्हणजे फेच आणि मर्ज एका दमात. मी निदान नव्यांना तरी सांगतो, आधी 'गिट फेच' करा, मग लॉगमध्ये बघा कुणी काय आणलंय, मग मर्ज. दार उघडण्याआधी कोण आलंय ते बघतोच ना आपण.

आणि 'रिसेट'. '--सॉफ्ट' दिलं तर फक्त कमिट मोडतो, बदल जसेच्या तसे. काहीच दिलं नाही तर ऍड केलेलंही मोकळं होतं, पण फाइली शाबूत. '--हार्ड' दिलं की फाइलीही गेल्या. कमिट केलेलं असेल तर घाबरू नका, 'गिट रिफ्लॉग'मध्ये तुमचं टोक कधी कुठे होतं त्याची नोंद असते. कशालाच न जोडलेल्या नोंदी साधारणतः तीस दिवस, बाकीच्या नव्वद दिवस राहतात. पण जे कधी कमिट किंवा ऍडच केलं नाही, ते '--हार्ड'ने गेलं की गेलं. म्हणून घरी निघताना अर्धवट का होईना, कमिट करा. कच्ची वही आहे, कुणी बघत नाही.

एवढं झालं अलीकडचं. पलीकडचं मला गिटच्या पुस्तकातून समजलं नाही. ते समजलं आमच्याच बैठकीच्या खोलीत, त्या सोमवारनंतर काही महिन्यांनी.

हिंगणा तालुक्यात आमची थोडी वडिलोपार्जित शेती आहे. बाबांना कसल्याशा कामासाठी जुने फेरफार हवे होते. आता डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळतो, बऱ्याच ठिकाणचे जुने अभिलेखही स्कॅन होऊन आलेत, त्यामुळे प्रिंट मीच काढले. पण ते अक्षर वाचायला बाबांनी त्यांच्या एका मित्राला बोलावलं, ते निवृत्त तलाठी. (या पदाला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण काका अजून स्वतःला तलाठीच म्हणवतात.) चहा झाला, चष्मा चढला आणि काकांनी जे सांगायला सुरुवात केली ते ऐकून मी उडालोच. कारण ते मला गिट शिकवत होते.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. तो सांगतो आज जमीन कुणाची आणि तीत पीक काय. पण ती कुणाकडून कुणाकडे कशी आली, ते सातबाऱ्यात नसतं. ते गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत. प्रत्येक बदलाला एक क्रमांक, तारीख, आणि बदल का झाला त्याचं कारण. खरेदी, वारस, वाटणी, बोजा, जे असेल ते. तो क्रमांक सातबाऱ्यावर नावाजवळ वर्तुळात लिहितात. म्हणजे सातबारा ही तुमची आजची फाइल, आणि फेरफार हा तिचा लॉग. वर कमिटचा नंबरसुद्धा सोबत!

पुढे तर आणखी गंमत. तलाठ्याने नोंद लिहिली म्हणून ती लगेच पक्की होत नाही. संबंधितांना नोटीस द्यायची, चावडीवर लावायची, हरकतीला पंधरा दिवस. हरकत आली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या वेगळ्या वहीत, नमुना सहा-अ. नाही आली तर मंडळ अधिकारी कागद तपासून नोंद प्रमाणित करणार. लिहिणारा एक, मंजूर करणारा दुसरा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची, तिच्या कलम १५० मध्ये हे सगळं आहे. आणि आम्ही मिहानमध्ये एसी लावून मर्ज रिक्वेस्ट आणि रिव्ह्यू म्हणजे काहीतरी आधुनिक समजत होतो.

मी विचारलं, "काका, चुकून चुकीचं नाव लागलं तर? खोडता?"

काका माझ्याकडे असे बघायला लागले की मी जणू काही शेण खायची परवानगी मागितली. "खोडायचं नसते राजा. खोडलं का तलाठी गेला. जुन्या नावाले कंस करायचा, अन् नवा फेरफार लिहायचा. कंसातलं नाव वाचता आलं पाहिजे. कोर्टात काय दाखवशील, पांढरा डाग?"

साधा लिहिण्यातला प्रमाद असला तरी कलम १५५ खाली तहसीलदाराचा आदेश होतो आणि त्याची पुन्हा नोंद होते. म्हणजे चूक, आणि चूक दुरुस्त केल्याची नोंद, दोन्ही वहीत राहतात. २०२० पासून सातबाऱ्याचा नमुना बदलला, आता कमी झालेल्या नावावर कंसाऐवजी आडवी रेघ दिसते. पण रेघेखालचं नाव वाचता येतं, मुद्दा तोच. ज्या जमिनीवर आमचं ऑफिस उभं आहे तिथेही हेच झालं असणार. संपादन झालं, शेतकऱ्याच्या नावाला कंस, खाली संपादन करणाऱ्याचं नाव. आम्ही रोज ज्या गेटातून आत जातो तिथे कुणाचा धुरा होता, हे त्या कंसात शाबूत आहे.

आमच्याही सातबाऱ्यात एक कंस निघाला. आत्याचा. आजोबा गेल्यावर वारस म्हणून तिचं नाव लागलं होतं आणि पुढच्याच फेरफारात हक्क सोडल्याने कमी झालं होतं. मला हे माहीतच नव्हतं. बाबा त्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "तिनं सही देली होती. आपण काही देलं नव्हतं तिले." काकांनी चष्मा काढून पुसला. मी त्या दिवशी गिटबद्दल पुढे काही विचारलं नाही.

पण मला माझा सोमवार आठवत होता. मोठ्या स्क्रीनवरचा तो लॉग. तिथे कंस नव्हता, पांढरा डाग होता. आणि मी त्या डागाकडे बोट दाखवून म्हटलं होतं, काही दिसत नाहीये.

तर पुशच्या पलीकडे माझा हिशोब आता काकांचा. चुकीचा कमिट गेला? 'गिट रिव्हर्ट'. तो जुना कमिट पुसत नाही, त्याच्या उलट बदल करणारा नवा कमिट लिहितो. म्हणजे कंस आणि नवा फेरफार. आमच्यातल्या काही हुशार लोकांना रिव्हर्ट म्हणजे कमीपणा वाटतो, चूक सगळ्यांना दिसते म्हणून. अहो, दिसली पाहिजे! आठ महिन्यांनी कुणी तीच चूक पुन्हा करायला निघाला तर त्याला कळायला नको का की हे एकदा करून फसलंय?

फोर्स पुश सामायिक ब्रँचवर बंदच हवा, आणि तो माणसांच्या शहाणपणावर सोडू नये, सर्व्हरच्या सेटिंगमध्येच बंद करावा. तलाठ्याच्या वहीलाही पानांचे नंबर असतात, ते काही सगळेच तलाठी चोर म्हणून नव्हे. आणि ही फक्त माझ्यासारख्यांची गंमत आहे असं समजू नका. २०१३ च्या नोव्हेंबरात जेन्किन्स प्रकल्पाच्या दीडशेहून जास्त रिपॉझिटरींवर एकाच वेळी चुकून फोर्स पुश झाला होता. जाणकार माणसाच्या हातून. जुनी टोकं शोधून शोधून परत लावावी लागली. स्वतःच्या एकट्याच्या ब्रँचवर रिबेस करून फोर्स करायची वेळ येतेच, नाही असं नाही. तेव्हा निदान '--फोर्स-विथ-लीज' लिहा. तो आधी बघतो की सर्व्हरचं टोक तुम्ही शेवटचं पाहिलं तिथेच आहे का. मध्ये कुणी काही टाकलं असेल तर थांबतो. त्या शुक्रवारी एवढे जास्तीचे शब्द लिहिले असते तर ही पोस्ट नसती. मात्र तुमचा एडिटर मागच्या मागे फेच करत असेल तर हे कुलूपही उघडंच, हे लक्षात ठेवा.

एक अपवाद मान्य करतो. पासवर्ड किंवा किल्ली चुकून पुश झाली तर इतिहासातून ती काढावीच लागते. पण आधी पासवर्ड बदला. ज्याने क्लोन केलंय त्याच्याकडे तो गेलेलाच असतो, नंतर तुम्ही सर्व्हर कितीही घासा.

इतिहास राखण्याचा फायदा काय, असं विचारणाऱ्याला मी 'गिट बायसेक्ट' दाखवतो. कालपरवापर्यंत चालणारी गोष्ट आज मोडली, मध्ये हजार कमिट. एक चांगला सांगा, एक बिघडलेला सांगा, तो बरोबर मधला काढून देतो. चालतंय का? नाही. मग पुन्हा मधला. दहाएक पायऱ्यांत गुन्हेगार कमिट हातात. हेच ते वाघाचे ठसे. पण ठसे शाबूत असतील तरच. आठवडाभराचं काम एका गठ्ठ्यात कमिट केलं असेल तर बायसेक्ट तुम्हाला त्या गठ्ठ्यापर्यंत नेऊन सोडतो, पुढे तुम्ही आणि तुमचं नशीब.

आणि मेसेज. "फिक्स्ड", "चेंजेस", "अपडेट २". मंडळी, फेरफारात तलाठी "बदल केला" एवढंच लिहीत नाही. कुणाच्या अर्जावरून, कुठल्या कागदाने, कुणाचं कमी, कुणाचं दाखल. काय बदललं ते डिफ सांगतोच, का बदललं ते फक्त तुम्हीच सांगू शकता, आणि तेही आजच. सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवणार नाही. 'गिट ब्लेम' हे नाव तसं दुर्दैवीच, लोक ते आरोपी शोधायला वापरतात. मी ती कमांड मारतो तेव्हा निम्म्या वेळा आरोपी मीच निघतो, आणि मेसेज असतो "मायनर फिक्स". कशाचा फिक्स रे बाबा?

असो. कूलरचं पाणी संपत आलंय.

वर्ध्याची ती मुलगी आता आमच्याच टीमची लीड आहे, आणि मंडळ अधिकाऱ्याचं काम तिच्याकडे. परवा शुक्रवारी पावणेसहाला माझी एक मर्ज रिक्वेस्ट तिच्याकडे गेली होती. पाच मिनिटांत परत आली. खाली लिहिलं होतं : "दादा, कोड ठीक आहे. मेसेजमध्ये कारण लिही, मग घेते. आणि आता सोमवारीच."